भादव्यातली बद्रीनाथ यात्रा

पोळा झाला. खुरपणी उरकली. सोयाबीनला शेंगा धरल्या. कपाशीला बोंडं लागू लागली. आता काढणीपर्यंत शेतकऱ्याला थोडी उसंत आहे. अशा दिवसांत घरात बोलणं निघतं, "एकदा बद्रीनाथाला जाऊन येऊ."

विचार चांगला आहे. पण यात्रा पायांनी करण्याआधी ती कागदावर करावी लागते. कधी निघायचं, कोणत्या वाटेनं जायचं, मुक्काम कुठं करायचा, पैसे किती लागतील, हे सगळं आधी लिहून काढायचं. आता तुम्हाला लिहिता येतं. तेव्हा पाटी-पेन्सिल नको, एक वही घ्या. आपण ही यात्रा वहीत करून पाहू.

१. कशासाठी जायचं?

समजा, मानवतच्या एका घरची माणसं निघाली आहेत. आजीचं वय ७२. तिचे दोन मुलगे, दोन सुना आणि शेजारचे अप्पा. मिळून सहा माणसं. आजोबांना जाऊन तीन वर्षं झाली आहेत.

थोरला म्हणाला, "आई, गाडी करू. आठ दिवसांत चारी धाम करून येऊ. जायचंच एकदा, तर सगळंच पाहून घेऊ."

आजी म्हणाली, "चारी धाम कशाला रे बाबा? तुझ्या बापाचं पिंड ब्रह्मकपाळावर ठेवलं, की माझं झालं. मला तेवढं डोळ्यांनी बघू दे."

ब्रह्मकपाळ हा बद्रीनाथच्या मंदिराजवळ अलकनंदा नदीच्या काठी असलेला घाट आहे. तिथं पितरांचं श्राद्ध केलं की त्यांना मुक्ती मिळते, अशी लोकांची श्रद्धा आहे. म्हणून पितृपंधरवड्यात तिथं देशभरातून माणसं येतात.

आता कोणाचं ऐकावं? आम्हाला आजीचं म्हणणं पटतं. हिमालयातले चार धाम म्हणजे यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ आणि बद्रीनाथ. यांतल्या केदारनाथला गौरीकुंडापासून सुमारे १६ किलोमीटर चढ आहे. यमुनोत्रीलाही शेवटचे पाच-सहा किलोमीटर डोंगर चढावा लागतो. बद्रीनाथला मात्र गाडी गावापर्यंत जाते. ७२ वर्षांच्या आजीला हाच धाम सोयीचा. आणि तिचं काम तिथंच आहे.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर एकच ओळ लिहा : आपण कशासाठी जात आहोत? आपल्या या घरानं लिहिलं, "बाबांचं श्राद्ध, ब्रह्मकपाळावर, आईच्या समोर." पुढं काही अडलं, तर हेच पान उघडायचं.

२. तीन पंचांगं

कधी निघायचं? त्यासाठी तीन पंचांगं पाहावी लागतात. एक तिथीचं, एक पिकाचं आणि एक पावसाचं.

पहिलं तिथीचं. पितृपंधरवडा भाद्रपदाच्या वद्य पक्षात येतो. पण इंग्रजी महिन्यात तो पुढं-मागं होतो. २०२५ साली तो ८ सप्टेंबरला लागला आणि २१ सप्टेंबरला सर्वपित्री अमावास्या आली. २०२६ साली ज्येष्ठ महिना अधिक, म्हणून भाद्रपदातली पौर्णिमाच २६ सप्टेंबरला येते.

दुसरं पिकाचं. सोयाबीन पेरल्यापासून साधारण शंभर दिवसांत काढणीला येतं. २० जूनला पेरलं असेल तर बोटांवर मोजा : जूनचे १०, जुलैचे ३१, ऑगस्टचे ३१ आणि सप्टेंबरचे २८. झाले शंभर. म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीला काढणी. पितृपंधरवडा सप्टेंबरच्या मध्याला आला, तर दोन्ही साधतं. तो ऑक्टोबरात गेला, तर यात्रा आणि काढणी एकमेकींच्या अंगावर येतात. मग काय करायचं? आधी सोयाबीन घरात आणायचं आणि दसऱ्याच्या सुमारास निघायचं. मंदिर तेव्हाही उघडं असतं. ते नोव्हेंबरात बंद होतं आणि बंद होण्याची तारीख दसऱ्याला जाहीर होते. श्राद्धासाठीही पंधरवड्याचीच अट नाही. फक्त ऑक्टोबरात थंडी जास्त.

तिसरं पावसाचं. हे सर्वांत महत्त्वाचं. मोसमी पाऊस परत फिरायला साधारण १७ सप्टेंबरला पश्चिम राजस्थानातून सुरुवात होते. बद्रीनाथच्या डोंगरातून तो महिन्याच्या अखेरीस निघतो. म्हणजे आपण सप्टेंबरच्या मध्याला गेलो, तर पाऊस कमी झालेला असेल, पण संपलेला नसेल. डोंगर आतून ओलाच असेल. हे ध्यानात ठेवा. आपली सगळी आखणी यावरच उभी आहे.

आणखी एक. पाऊस आपल्या मागे घरीही असतो. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यातच अतिवृष्टी झाली, शेतं पाण्याखाली गेली. म्हणून गोठा, पीक आणि विम्याचे कागद पाहायला घरी एक जाणता माणूस ठेवूनच निघावं.

३. वाट

मानवतहून हरिद्वार सुमारे दीड हजार किलोमीटर आहे. थोरल्याला वाटलं, दारातूनच जीप करावी. पण तीन दिवस जीपमध्ये बसून आजीचे पाय सुजतील. चालकाचे डोळे तांबारतील. आणि खरा अवघड रस्ता तर त्यानंतर सुरू होणार.

आमचं सांगणं असं : पठारावर रेल्वे, डोंगरात गाडी. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस परभणीला थांबते. ती दुसऱ्या दिवशी दिल्लीला पोचवते. आपल्या मुलखाचं आणि उत्तरेचं नातं जुनं आहे. नरसीचे संत नामदेव पंजाबात गेले होते. घुमान गावी त्यांचं स्थान आहे. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. त्यांच्या काळी पायी जावं लागे. आपल्याला तिकीट मिळतं. पण ते वेळेवर काढावं लागतं. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. वहीत ती तारीख लाल पेनानं लिहा.

दिल्लीहून हरिद्वार, हरिद्वारहून ऋषिकेश. इथं पठार संपतं. इथून पुढं बद्रीनाथ सुमारे ३०० किलोमीटर. आपल्याकडे एवढं अंतर एका दिवसात होतं. तिथं दोन दिवस धरा.

ही वाट नदीच्या कडेनं जाते. वाटेत संगमाची पाच गावं लागतात. त्यांना पंचप्रयाग म्हणतात. आधी देवप्रयाग. तिथं भागीरथी आणि अलकनंदा मिळतात आणि तिथून पुढं नदीला गंगा म्हणतात. आपण गोदावरीला गंगा म्हणतो, तिची ही थोरली बहीण. मग रुद्रप्रयाग, तिथं मंदाकिनी मिळते. कर्णप्रयागला पिंडर. नंदप्रयागला नंदाकिनी. ज्योतिर्मठाच्या पुढं विष्णुप्रयाग, तिथं धौलीगंगा. ज्योतिर्मठालाच पूर्वी जोशीमठ म्हणत.

४. दिवसांचा तक्ता

आता वहीत आडव्या रेघा मारा आणि लिहा.

पहिला दिवस : परभणीहून रेल्वे.
दुसरा दिवस : दिल्ली. तिथून हरिद्वार.
तिसरा दिवस : हरिद्वारला आराम, गंगास्नान. डोंगरातली गाडी ठरवणं.
चौथा दिवस : देवप्रयाग, रुद्रप्रयाग. मुक्काम कर्णप्रयाग.
पाचवा दिवस : ज्योतिर्मठ. दुपारी पोचून आराम.
सहावा दिवस : बद्रीनाथ. दर्शन. मुक्काम.
सातवा दिवस : सकाळी ब्रह्मकपाळावर श्राद्ध. जवळचं माणा गाव पाहून खाली पिपलकोटीला मुक्काम.
आठवा दिवस : ऋषिकेश, हरिद्वार.
नववा दिवस : दिल्ली.
दहावा दिवस : परतीची रेल्वे.
अकरावा दिवस : परभणी, मानवत.

तक्ता झाला का? नाही. अजून दोन ओळी राहिल्या आहेत. त्या अशा :

राखीव दिवस, पहिला.
राखीव दिवस, दुसरा.

म्हणजे परतीच्या रेल्वेचं तिकीट दहाव्या दिवसाचं काढायचं नाही. बाराव्या दिवसाचं काढायचं. घरी पोचायचं तेराव्या दिवशी.

धाकटी सून म्हणाली, "भाऊजी, दोन दिवस रिकामं बसायला पैसे कामून द्यायचे?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर समजून घेऊ.

५. राखीव दिवस कशासाठी?

हिमालय हा वयानं तरुण डोंगर आहे. आपल्या सह्याद्रीचा दगड काळा, घट्ट. तिकडचा दगड पुष्कळ ठिकाणी फुटलेला, सैल. त्यात पावसाचं पाणी मुरतं. माती फुगते, जड होते आणि खाली घसरते. त्यातच रस्त्यासाठी डोंगराचा पायथा कापलेला असतो. ओल्या मातीच्या ढिगाच्या तळातून घमेलंभर माती काढा. वरची माती खाली येते ना? तसंच ते.

यालाच दरड कोसळणं म्हणतात. पाऊस थांबला की दरड थांबली, असंही नाही. ऊन पडल्यावरही दगड सुटतात. या वाटेवर श्रीनगर आणि रुद्रप्रयाग यांच्यामध्ये सिरोबगड नावाची जागा आहे. पिपलकोटीच्या बाजूला पागल नाला आहे. ज्योतिर्मठ आणि बद्रीनाथ यांच्यामध्ये लामबगड आहे. या जागा दरडींसाठी प्रसिद्ध आहेत. तिथं कधी दोन तास वाट अडते, कधी पुरा दिवस, कधी त्याहून जास्त.

आता दोन घरं डोळ्यांपुढं आणा. दोन्ही घरची माणसं सहाव्या दिवशी सकाळी ज्योतिर्मठात आहेत. रात्री पाऊस झाला. लामबगडला रस्ता बंद.

पहिल्या घरचं तिकीट दहाव्या दिवसाचं. त्यांच्यापाशी एकही दिवस जास्तीचा नाही. चार वाजता रस्ता उघडला. घरातला कर्ता चालकाला म्हणतो, "चल, हाण गाडी. आज दर्शन घेऊन रात्रीच खाली उतरू." अंधार, ओला रस्ता, दमलेला चालक, एका बाजूला खोल दरी. अपघात अशाच वेळी होतात.

दुसऱ्या घरचं तिकीट बाराव्या दिवसाचं. कर्ता म्हणतो, "आज इथंच थांबू. आजी, पाय चोळून देऊ का?" सकाळी ऊन पडलं, रस्ता साफ झाला, तेव्हा ते निघतात.

दोन्ही घरांची श्रद्धा सारखीच. फरक दोन दिवसांचा. म्हणून राखीव दिवस म्हणजे रिकामे दिवस नव्हेत. घाईनं आपल्याला दरीत लोटू नये, म्हणून भरलेला तो विमा आहे. १६ आणि १७ जून २०१३ ला केदारनाथवर महापूर आला, हजारो माणसं गेली. ५ ऑगस्ट २०२५ ला गंगोत्रीच्या वाटेवरच्या धराली गावावर पाणी आणि चिखल कोसळला. अशा संकटापुढं माणसाचं बळ चालत नाही. पण पाऊस असताना पुढं न जाणं, हे आपल्या हाती असतं.

६. गाडी आणि चालक

ऋषिकेश किंवा हरिद्वारला तिथलीच गाडी आणि तिथलाच चालक घ्यावा. आपला पोरगा काळ्या रानात ट्रॅक्टर चांगला चालवत असेल. पण घाटातली वळणं निराळी. भाड्याच्या गाडीला यात्रेसाठी तिथल्या परिवहन खात्याचं ग्रीन कार्ड लागतं. ते दाखवायला सांगा. लाजू नका.

चालकाशी आधीच बोलून घ्या. पहाटे निघायचं आणि दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठायचा. यात्रेच्या वाटेवर रात्री उशिरा वाहनं सोडतही नाहीत. उतारावर गाडी बारक्या गिअरमध्ये ठेवायची, नुसत्या ब्रेकवर सोडायची नाही. ब्रेक तापले की धरत नाहीत. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. आणि चालकाला पोटभर जेवण आणि पुरी झोप द्यायची. त्याच्या झोपेवर सहा जीव असतात.

दगड पडतात तिथं गाडी उभी करू नका. फोटो काढायला उतरू नका. वळणांनी मळमळत असेल तर पोट हलकं ठेवा, पुढं बसा, लांब नजर ठेवा.

या यात्रेत तुमची अक्षरं तुमच्या कामी येतील. तिकडची हिंदी आपल्याच देवनागरी लिपीत लिहितात. रस्त्याच्या कडेला पाट्या असतात. त्या वाचा :

"सावधान" म्हणजे जपून.
"भूस्खलन क्षेत्र" म्हणजे दरड कोसळण्याची जागा.
"पत्थर गिरने का खतरा" म्हणजे दगड पडण्याचा धोका.
"मार्ग बंद है" म्हणजे वाट बंद आहे.

जो वाचतो, त्यानं गाडीतल्या सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवावं.

७. थंडी आणि दम

आपलं मानवत समुद्रापासून पाचशे मीटरच्याही खाली आहे. बद्रीनाथ ३,१०० मीटरच्या वर आहे. दर हजार मीटर चढलं की हवा साधारण सहा अंशांनी गार होते. आपण अडीच हजार मीटरहून जास्त चढणार. म्हणजे पंधरा अंशांहून जास्त फरक. आपल्याकडे भादव्याचं ऊन चटका देतं. तिथं त्याच दिवशी स्वेटर, कानटोपी, पायमोजे आणि शाल लागते. शिवाय रेनकोट. घोंगडी असेल तर उत्तमच. दशम्या-धपाटे रेल्वेपुरते घ्या. गूळ-शेंगदाणे मात्र शेवटपर्यंत पिशवीत असू द्या. वाट अडली तर तेच जेवण.

दुसरी गोष्ट दम लागण्याची. उंचावर हवा विरळ असते. इथं दहा श्वासांत जेवढा प्राणवायू मिळतो, तिथं तेवढाच मिळायला चौदा-पंधरा श्वास लागतात. म्हणून पाचव्या दिवशी ज्योतिर्मठात मुक्काम ठेवला. ते सुमारे १,९०० मीटरवर आहे. शरीराला तिथं थोडी सवय होते. वर गेल्यावर हळू चालावं, पाणी घोटघोट पीत राहावं, दारू-तंबाखू टाळावी.

डोकं ठणकणं, उलटी, चक्कर, झोप न लागणं, ही उंचीची लक्षणं आहेत. अशा वेळी आणखी वर जायचं नाही. बसल्या जागी दम लागत असेल किंवा माणूस बरळत असेल, तर थांबायचंही नाही. ताबडतोब खाली उतरायचं आणि दवाखाना गाठायचा. खाली उतरणं हेच मोठं औषध.

आजीला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. म्हणून निघण्याआधी पंधरा दिवस डॉक्टरांना दाखवा. "बद्रीनाथला नेतो आहोत," असं स्पष्ट सांगा. गोळ्या तेरा नव्हे, वीस दिवसांच्या घ्या. निम्म्या आजीच्या पिशवीत आणि निम्म्या सुनेच्या पिशवीत ठेवा.

८. पैसे आणि कागद

खर्चाचे रकाने पाडा : रेल्वे, गाडी, राहणं-खाणं, पूजा, औषध. आज काय भाव आहेत, ते विचारून भरा. आम्ही फक्त रीत दाखवतो. समजा, राहण्या-खाण्याला रोज माणशी ६०० रुपये धरले.

सहा माणसं, अकरा दिवस : ६ × ११ × ६०० = ३९,६०० रुपये.
सहा माणसं, तेरा दिवस : ६ × १३ × ६०० = ४६,८०० रुपये.

फरक ७,२०० रुपये. राखीव दिवसांची ही किंमत. गाडी वरच अडली तर तिचं दोन दिवसांचं भाडंही यात मिळवा. दिवस लागले नाहीत, तर बरेच पैसे घरी परत येतील. सगळे पैसे एका खिशात ठेवू नका. कर्ज काढून, सोयाबीनचे पैसे आधीच उचलून यात्रा करू नका.

यात्रेसाठी उत्तराखंड सरकारकडे नावं नोंदवावी लागतात. आधार कार्ड सोबत हवं. नोंदणीचा कागद, रेल्वेचं तिकीट आणि गाडीची पावती एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी द्या. तिच्यावर नाव, गाव, घरचा फोन नंबर आणि चालू औषध लिहा. गर्दीत आजी चुकली, तरी चिठ्ठी बोलेल.

९. परत फिरण्याचा निर्णय

आता शेवटचा प्रश्न. राखीव दोन्ही दिवस संपले आणि वाट उघडलीच नाही, तर?

हा प्रश्न ज्योतिर्मठात बसून सोडवायचा नाही. तिथं मन कच्चं होतं. कुणी रडतं, कुणी भांडतं, कुणी म्हणतं, "एवढ्या लांब येऊन माघारी जायचं?" म्हणून तो मानवतमध्ये, घरच्या ओट्यावर बसून सोडवायचा.

थोरल्यानं विचारलं, "आई, वाट नाहीच उघडली तर काय करायचं?"

आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "देवप्रयागलाही पिंड देतात ना रे? तिथं दोन नद्या मिळतात म्हणतोस. तर तिथं दे. तुझा बाप काही म्हणायचा नाही. पोराबाळांना संकटात घालून पिंड दिलेलं त्याला तरी कुठं गोड लागायचं?"

धाकट्यानं वहीत लिहिलं : "वाट उघडली तर ब्रह्मकपाळ. नाही तर देवप्रयाग." खाली सहाही जणांनी सह्या केल्या. आजीनं आपलं नाव स्वतः लिहिलं.

आम्हाला वाटतं, ही ओळ लिहिली तेव्हा त्यांची यात्रा नीट आखून झाली.

अभ्यास

१. बद्रीनाथला निघण्याआधी कोणती तीन पंचांगं पाहावीत? तिन्हींमध्ये महत्त्वाचं कोणतं, आणि का?
२. परतीचं तिकीट दोन दिवस उशिराचं का काढावं?
३. तुमच्या शेतात सोयाबीन कोणत्या तारखेला पेरलं? त्यात शंभर दिवस मिळवा आणि काढणीची तारीख लिहा.
४. आठ माणसं, तेरा दिवस, रोज माणशी ५५० रुपये. एकूण खर्च किती?
५. उंचावर डोकं दुखू लागलं आणि चक्कर आली, तर काय करू नये?
६. तुमच्या घरच्या माणसांसाठी खिशातल्या चिठ्ठ्या लिहा. एक चिठ्ठी घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून लिहून घ्या.